भांडणाचा तास

"अरे, जोरात बोल! मला ऐकूच येऊन न्हाई राह्यलं!"

शेजूळ गुरुजींच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. त्या दिवशी मी शाळेत रुजू व्हायला आले होते. जालन्याहून मंठ्याला जाणाऱ्या एसटीनं मला फाट्यावर सोडलं. तिथून पांदीच्या कच्च्या वाटेनं चालत, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात धाकट्या पोराचं बोट धरून, मी शाळेच्या फाटकाशी पोचले. पाहते तर मैदानात पोरांचं कोंडाळं. मधोमध दोन पोरं नाकाला नाक लावून ओरडत होती. आणि त्यांच्या पायाशी एक लांबडा, वाळका, टोपीवाला माणूस उकिडवा बसून, कानामागं हात धरून त्यांना आणखी चेव आणत होता.

मी तशीच हेडमास्तरांच्या खोलीत शिरले. म्हटलं, "सर, बाहेर पोरांची भांडणं लागलीत आणि कुणीतरी माणूस त्यांना चिथावतोय."

हेडमास्तर पाठक सर कपाळावर ओला रुमाल ठेवून डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडताच म्हणाले, "कुणीतरी माणूस नव्हे, बाई. ते आपले शेजूळ गुरुजी. खेळाचा तास चालू आहे."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमची शाळा सातवीपर्यंतची. शेवटचा तास खेळाचा असायचा आणि तो गुरुजींकडं असायचा. कवायतीचं सामान कपाटात धूळ खात पडलेलं. गुरुजी शिकवायचे ते विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, लंगडी आणि गजगे. गजगे म्हणजे पुण्या-मुंबईकडचे सागरगोटे. त्यांच्या सदऱ्याच्या दोन्ही खिशांत गजगे भरलेले असायचे. त्यामुळं गुरुजी चालायला लागले की आधी खुळखुळ ऐकू यायची आणि मागून गुरुजी दिसायचे.

शिकवायचे मात्र मन लावून. दांडू कसा धरायचा, विटीला टोला नेमका कुठं द्यायचा, आट्यापाट्यात पाटीवरच्या गड्याला डावी हूल देऊन उजवीकडून कसं निसटायचं, हे सगळं स्वतः करून दाखवायचे. पन्नाशीला आलेला तो माणूस लंगडी घालायला लागला की मोठ्या वर्गाची पोरं खिडक्यांत गोळा व्हायची. पण त्यांच्या मते हा सगळा वरवरचा भाग.

"विटी उडवायला दोन दिवसांत येती, बाई," ते मला म्हणाले. "भांडायला यायला पोराची सगळी प्राथमिक शाळा जाती."

खेळ म्हटला की भांडण आलंच. विटी रेषेच्या अलीकडं पडली की पलीकडं, लगोरीचा चेंडू पाठीला लागला की नुसता सदऱ्याला चाटून गेला, यावरून पोरं भांडणारच. दुसरे मास्तर शिट्टी वाजवतात, निकाल देतात आणि मोकळे होतात. गुरुजींजवळ शिट्टी नव्हती आणि निकाल तर ते मेले तरी देत नसत. पोरं त्यांच्याकडं धावत आली की ते आकाशाकडं बघायचे. "मला काय इचारता? मी आंधळा हाय. एकमेकाला सांगा."

मी विचारलं, "अहो, पण पंच नको का कुणीतरी?"

"बिलकुल नको. पंच आला की पोरं त्याच्याच तोंडाकडं पाहत बसतात. एकमेकाकडं पाहत न्हाईत."

भांडायला मुभा होती, पण तऱ्हा ठरलेली होती. हात उचलायचा नाही, आईबाप काढायचे नाहीत. समोरचा बोलत असला तर त्याचं पुरतं ऐकायचं आणि मग त्याच्या दुप्पट आवाजात उत्तर द्यायचं. कुणी अडखळलं की गुरुजी मांडीवर थाप मारून म्हणायचे, "मंग? सांग की! मुद्दा सोडू नको!" आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे रुसून घरी जाणं. नामदेव नावाच्या पोरानं एकदा तो केला. आपली विटी उचलली आणि चालू लागला. झालं, गुरुजी सगळा वर्ग घेऊन त्याच्या दारात. नामदेवची आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिला वाटलं, पोरानं कुणाचं डोकं फोडलं. गुरुजी म्हणाले, "तसं काही न्हाई, वहिनी. त्याचं बोलणं अर्धं राह्यलंय. तेवढं पुरं करून घ्यायला आलो."

नामदेव तोवर माळवदावर चढून बसला होता. खाली उतरेना. "वरून बोल," गुरुजी म्हणाले, "पण पुरतं बोल." मग नामदेव वरून आणि बाकीची पोरं खालून, असं भांडण चाललं. गल्लीतल्या बाया कामं टाकून ओट्यावर आल्या. शेवटी निघालं असं की नामदेवचंच बरोबर होतं. तो उतरला आणि सगळी वरात पुन्हा मैदानात.

गावाला याचा त्रास व्हायला लागला नसता तरच नवल. एकदा काशिनाथचा बाप भर दुपारी शाळेत आला. डोक्याला मुंडासं, हातात काठी. "गुरुजी, काय शिकवून राह्यले तुम्ही पोराला? सकाळी म्हणलं गाय घेऊन जा, तं म्हणतो काल मीच नेल्ती, परवा बी मीच, आज धाकल्याची पाळी."

"मंग? खरं बोलला का खोटं?"

"खरंच बोलला."

"आवाज चढवून बोलला का तोंडातल्या तोंडात?"

"न्हाई, चांगलं ठणकावून बोलला."

"आन् धाकल्यानं काय उत्तर दिलं?"

"तो म्हणला, मी लहान हाय, गाय मला ओढून नेती. ते बी बराबरच हाय."

गुरुजींचा चेहरा असा फुलला की जणू पोरगं तालुक्यात पहिलं आलं. "वा! मंग पुढं?"

"पुढं काय, गुरुजी!" बाप काठी आपटून म्हणाला. "मलाच जावं लागलं ना गाईमागं!"

एकदा तपासणीला साहेब आले. पाठक सरांनी आदल्या दिवशी गुरुजींना हात जोडले होते, की उद्या एक दिवस कवायत घ्या. गुरुजींनी "हाव" म्हटलं आणि लगोरी मांडली. साहेब मैदानात आले तेव्हा वादाला तोंड फुटलं होतं. लगोरी पूर्ण लागल्यावर चेंडू लागला की आधी? साहेबांना राहवलं नाही. ते म्हणाले, "मी पाहिलं ना, चेंडू आधी लागला."

एक टिल्लू पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही तं तव्हा चपलीतला खडा काढून राह्यले व्हते, साहेब."

पाठक सरांनी रुमाल भिजवायला सांगितला. साहेब म्हणाले, "हो, तेही खरंच." जाताना शेरेबुकात त्यांनी लिहिलं, मुले धीट आहेत. पाठक सरांनी तो शेरा दोनदा वाचला, पण ही तारीफ आहे की तक्रार, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

आता शांताबद्दल सांगते. ही चौथीतली मुलगी. तेलानं चापून बसवलेले केस, सुतळीसारख्या बारीक दोन वेण्या. गजग्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. एक गजगा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि उचलताना शेजारचा हलू द्यायचा नाही, असा तो खेळ. शांताच्या बोटांना जणू डोळे होते. पण कुणी नुसतं "हलला!" म्हणून ओरडलं की शांता गजगे खाली ठेवायची आणि मागं सरकायची. हललेला नसायचा. ते तिलाही माहीत असायचं आणि ओरडणारीलाही. तरी "असू दे, तू घे," म्हणायची.

मी एकदा म्हटलं, "काय गुणाची पोरगी आहे हो!"

गुरुजींचा चेहरा उतरला. "बाई, मला त्या पोरीची लई काळजी वाटते."

"तिची कसली काळजी? कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"तेच तं," ते म्हणाले.

पोळा झाला आणि गुरुजी रोज शांतासमोर गजगे खेळायला बसू लागले. खेळायला कसले, लबाडी करायला! एक गजगा उचलताना त्यांची ती मोठाली बोटं शेजारचे तीन हलवायची आणि वर हे विचारायचे, "कुठं हलला?" स्वतः दोनदोनदा डाव घ्यायचे. शांताचा डाव आला की "तुझा तं झाला मघाशीच," म्हणून सांगायचे. भोवतीच्या पोरी किंचाळायच्या. शांता खाली बघून म्हणायची, "असू द्या, गुरुजी."

हे मला काही पटेना. मी पाठक सरांकडं गेले. "सर, एवढा मोठा माणूस त्या लेकरासंगं रडी खातो. काय म्हणायचं याला?"

सरांनी कपाळावरचा रुमाल काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही वाटतं," ते म्हणाले. "याच माणसाच्या मैदानावर पूर्वी पाखराचा आवाज ऐकू यायचा, बाई. गळ्यात शिट्टी. एकदा फुंकली की सगळं चिडीचूप. पोरं म्हणायची, गुरुजींच्या खेळात भांडण नाही. त्यांच्या घरीही तसंच. शेजारी कौतुकानं सांगायचे, नवराबायकोचा वरचा आवाज कधी ऐकला नाही. मग एका पंचमीला वहिनी माहेरी गेल्या, मंठ्याला. त्या परत आल्याच नाहीत."

"काय झालं होतं?"

"काहीच नाही. तेच तर. भांडण नाही, तंटा नाही. गुरुजी शाळेतून घरी गेले तर पाणी भरून ठेवलेलं, भाकरी झाकून ठेवलेली. निरोप पाठवला तर 'येते' म्हणाल्या. त्याला तीन-चार वर्षं झाली. पंचमीची सुट्टी संपल्यावर शेजूळ शाळेत आले ते शिट्टी न घेताच."

माझ्या डोळ्यांपुढं गुरुजींचं घर आलं. दोन खोल्या, दाराला साखळी, ओट्यावर वाळत घातलेलं एकच धोतर.

दसरा झाला. एका दुपारी मी व्हरांड्यात पाचवीच्या वह्या तपासत बसले होते. समोर लिंबाखाली गुरुजी आणि शांता खेळत होते. गुरुजींच्या हातून एक गजगा निसटला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच तो गुडघ्याखाली सरकवला. शांताचा हात पुढं आला होता, तो तिथंच थांबला.

"गुडघ्याखाली हाय," ती म्हणाली.

"काय?"

"गजगा. तुमच्या गुडघ्याखाली हाय."

"न्हाई बा."

"हाय! उठा!"

शांताच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ती थांबली नाही. "आन् काल तुम्ही दोन डाव घेतले. परवा तीन हलवले आन् म्हणले एकबी न्हाई. मी पाणी प्यायला गेल्ते तव्हा माझा डाव कमळीला देऊन टाकला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी जिंकले व्हते, तं तुम्ही म्हणले घंटी झाली, आन् घंटी झालीच नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशी..."

पोळ्यापासूनची एकूण एक लबाडी तिनं ओळीनं मांडली. मैदानातली विटी थांबली, लगोरी थांबली. सगळी शाळा ऐकत उभी राहिली. सांगून झाल्यावर ती पुन्हा म्हणाली, "उठा!"

गुरुजी उठले. खाली गजगा पडला होता. शांतानं तो उचलला, परकराला पुसला आणि आपला डाव खेळली. या वेळी कुणाची "हलला" म्हणायची छाती झाली नाही.

मला वाटलं, आता गुरुजी आनंदानं उड्या मारतील. पोरांनाही तसंच वाटलं असणार, कारण ती टाळ्या पिटायला लागली. पण गुरुजी येऊन माझ्याशेजारी पायरीवर बसले.

"बाई," ते म्हणाले, "पोरीला सगळं ध्यानात व्हतं. एक न् एक. आन् एवढ्या दिवसांत तोंडावर कधी दिसलं न्हाई."

मी हातातली वही मिटली. मग त्यांनी विचारलं,

"तुमची बहीण मंठ्याला दिल्याली हाय ना? कधी जाणार हायेत तिकडं?"

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. गुरुजींनी धुतलेली टोपी घातली होती आणि खिसे रिकामे केले होते. वाटेत पुन्हा पुन्हा टोपी सारखी करत होते. मंठ्याला उतरल्यावर मी म्हटलं, मी बहिणीकडं जाते, तुम्ही जाऊन या. तर माणूस जागचा हलेना. "तुम्ही संगं असल्या तं ती निदान बाहीर येईन," म्हणाले.

सासरे ओसरीवर बसले होते. वहिनी अंगणात सुपात तूर निवडत होत्या. चाळिशीतली ठेंगणी, सावळी बाई. गुरुजींना बघून सूप तिथंच ठेवून त्या आत गेल्या. पाणी आलं. मग चहा आला. सासरे कापसाच्या भावावर बोलले, पावसावर बोलले आणि मग त्यांचंही बोलणं सरलं.

गुरुजी उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन खालीच बसले. "माझं काय चुकलं ते सांग. ऐकायला आलोय."

आतून आवाज आला, "काही चुकलं न्हाई. चहा घ्या, गार व्हतो."

"व्हऊ दे. मला कसा बी चालतो."

आत भांडं दणकन खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि वहिनी दारात आल्या.

"कसा बी चालतो! तुम्हाला सगळंच कसं बी चालतं! भाकरी करपली तरी चालतं, कालवणात मीठ न्हाई तरी चालतं. मी बोलले तरी चालतं, न्हाई बोलले तरी चालतं! तापानं पडले व्हते तव्हा काय म्हणले? राहू दे, मी शेजारून भाकरी आणतो. आन् गेले मैदानात! घरात बसून मला तुमची शिट्टी ऐकू यायची. सगळं गाव तिथं, आन् मी एकली चुलीपुढं. कोणत्या पोराला कुठं खरचटलं ते ठाऊक तुम्हाला. मला कधी इचारलं, की तुझा दिवस कसा गेला म्हणून?"

"अगं, जावई हायेत ते," सासरे म्हणाले. गुरुजींनी मागं न बघताच त्यांना हातानं थांबवलं.

त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. मान खाली घालून ऐकत होते. मधूनच "बराबर हाय" म्हणायचे. नाकाच्या शेंड्यावरून पाणी ओघळत होतं. वहिनी उभ्या होत्या त्या खाली बसल्या, पण बोलायच्या थांबल्या नाहीत. मी बहिणीकडं जाऊन जेवून परत आले तरी बोलणं चालूच होतं. फरक एवढाच की मध्ये चुलीवर भाकरी चालली होती आणि गुरुजी ताट घेऊन जेवत होते. जेवता जेवता "मीठ कमी हाय" म्हणाले. वहिनींनी मीठ वाढलं आणि पुढं सुरू झाल्या.

परतीच्या गाडीची वेळ झाली. आम्ही निघालो. वहिनी दारापर्यंत आल्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग थेट स्टँडपर्यंत. बोलणं चालूच. आम्ही गाडीत बसलो तर त्या खिडकीखाली उभ्या राहून बोलत होत्या. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गुरगुरली. "दादा, जरा थांबा," गुरुजी म्हणाले, "तिचं व्हायचंय अजून."

"आमचं बी व्हायचंय," कंडक्टर म्हणाला आणि त्यानं पुन्हा घंटी मारली.

गाडी हलली. गुरुजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं, पिशवी उचलली आणि धडपडत दारातून खाली उतरले. मी मागच्या काचेतून पाहिलं. धुरळ्यात दोघं उभे होते. वहिनींचा हात वरखाली होत होता. गुरुजी वाकून ऐकत होते, कारण वहिनी ठेंगण्या होत्या.

"दोन?" कंडक्टरनं विचारलं.

"एकच द्या," मी म्हटलं.

सोमवारी गुरुजी शाळेत नव्हते. खेळाचा तास पाठक सरांना घ्यावा लागला. त्यांना पोरांनी आट्यापाट्यातल्या एका वादात असं काही घोळात घेतलं, की सर शेवटी रुमाल विसरून स्वतःच ओरडायला लागले.

वहिनी पुढं परत आल्या, गावात राहिल्या. त्यांच्या हातची तुरीच्या दाण्यांची आमटी मी पुष्कळदा खाल्ली आणि त्यांच्या घरातून येणारे वरचे आवाज मी घरी बसून पुष्कळदा ऐकले. पण मला आठवतो तो मंगळवार. गुरुजी सकाळच्या गाडीनं आले. डोळे जागरणानं लाल झालेले, टोपी तिरकी.

मी विचारलं, "झालं का वहिनींचं बोलून?"

"कुठं, बाई!" ते म्हणाले. असे हसणारे गुरुजी मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. "अजून लग्नाचं पहिलंच वरीस चालू हाय. रविवारी पुन्हा बोलावलंय."